वाद दोघांचा, तक्रार तिसऱ्याची

फेसबुकवर, यूट्यूबच्या बातमीखाली किंवा चार-पाचशे माणसांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर राजकारण बोलताना समोरचा माणूस बहुधा अनोळखी असतो. नाव खरं की खोटं, राहणारा परळचा की परभणीचा, काही कळत नाही. साहजिकच भीती वाटते ती त्याची. पण महाराष्ट्रात 2012 पासून ऑनलाइन लिहिण्यावरून गाजलेली प्रकरणं नीट पाहिली तर चित्र निराळं दिसतं. पोलीस ठाण्याची पायरी चढणारा माणूस वादात नसतोच. तो गुपचूप वाचत असतो आणि पुष्कळदा आपल्याच गावातला, आपल्याच ग्रुपवरचा असतो. या लेखात लक्ष आहे ते या तिसऱ्या माणसाकडे.

भोईवाड्यातून पाहिलं तर

भोईवाडा म्हणजे परळ आणि नायगाव यांच्यामधला पट्टा. इथे पोलीस ठाणं आहे, भोईवाडा कोर्ट आहे आणि हाकेच्या अंतरावर केईएम, टाटा, वाडिया ही इस्पितळं आहेत. टाटाच्या बाहेरच्या फुटपाथवर नंदुरबारपासून सिंधुदुर्गापर्यंतची माणसं रिपोर्टची वाट बघत बसलेली असतात. शेजारी बसलेल्याचं नाव माहीत नसतं, पण कांद्याचा भाव, आरक्षण, आमदारांची पक्षांतरं यांवर गप्पा रंगतात. आवाज चढला की तिसरा कुणीतरी ‘जाऊ द्या हो’ म्हणतो आणि चहा मागवतो. हीच माणसं रात्री मोबाइलवर त्याच विषयावर बोलतात. तिथे तिसरा असतो, पण तो चहा मागवत नाही, स्क्रीनशॉट काढतो.

गिरणगावातली जुनी रीत

या भागात परक्या माणसाशी राजकारण बोलणं नवं नाही. रत्नागिरी, सातारा, पुणे, नगर, उत्तर हिंदुस्थान अशा सगळीकडून आलेली माणसं एका चाळीत राहायची, त्यामुळे सुरुवातीला सगळेच एकमेकांना परके. पाळी सुटताना गिरणीच्या दरवाज्यावर गेट मीटिंग व्हायची. खालून प्रश्न विचारणारा साचेखात्यातला की बदलीवाला हे आजूबाजूच्यांना ठाऊक असायचं. नाक्यावरच्या फळ्यावर खडूने बातमी आणि त्याखाली टोमणा लिहिलेला असे. सही नसली तरी अक्षर कुणाचं ते गल्लीला कळायचं. बोलणाऱ्याला चेहरा होता, म्हणून बोललेलं निस्तरायची जबाबदारीही त्याच्यावरच यायची.

लिहिण्याबद्दलच्या शिक्षेशी तर या वस्तीचं जुनं नातं आहे. 22 जुलै 1908 रोजी ‘केसरी’तल्या लेखांसाठी लोकमान्य टिळकांना राजद्रोहाखाली 6 वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी 6 दिवस काम बंद ठेवलं. त्यांतल्या पुष्कळांना ते लेख वाचताही आले नसते. पुढे डॉ. आंबेडकर परळच्या बीआयटी चाळीत राहत असताना 1920 साली ‘मूकनायक’ निघाला, आणि 9 मार्च 1924 रोजी परळच्याच दामोदर हॉलमधल्या बैठकीतून बहिष्कृत हितकारिणी सभेची वाट सुरू झाली. ज्यांना गावात बोलायची सोय नव्हती त्यांना इथे सभागृह मिळालं. मानवी हक्कांची चर्चा म्हणतात ती इथे अशी सुरू झाली.

पण जुनं ते सगळं गोड होतं, असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा 5 जून 1970 रोजी लालबागमध्ये खून झाला. जानेवारी 1974 मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींत दलित पँथरच्या सभेवरून दंगल पेटली. चेहरा दिसत होता म्हणून हात उगारला गेला नाही, असं अजिबात नाही. फरक इतकाच की नाक्यावर बोललेलं वाक्य दुसऱ्या दिवशी तोंडी साक्षीपुरतं उरायचं. ऑनलाइन लिहिलेलं तारीख-वेळेसकट राहतं, आणि ज्याच्यासाठी लिहिलं नव्हतं त्याच्यापर्यंत पोचतं.

पालघर, नोव्हेंबर 2012

हे प्रकरण तपशिलात पाहण्यासारखं आहे, कारण पुढचं जवळजवळ सगळं इथूनच निघालं.

17 नोव्हेंबर 2012 ला बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं. दुसऱ्या दिवशी रविवारी शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार होते आणि मुंबई-ठाण्यात सगळं बंद होतं. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. तिथल्या विशीतल्या एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. माणसं रोज जन्मतात, रोज जातात, त्यासाठी बंद कशाला, असा त्यांचा आशय. शिवी नव्हती, धमकी नव्हती. तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट लाइक केली.

काही तासांत स्थानिक शिवसेना पदाधिकाऱ्याची तक्रार गेली. मुलीने पोस्ट काढून टाकली, माफी मागितली, तरीही दोघींना अटक झाली. जमावाने मुलीच्या काकांचं हॉस्पिटल फोडलं. त्या काकांचा पोस्टशी काही संबंध नव्हता. दंडाधिकाऱ्यांनी 15 हजारांच्या जामिनावर मुलींना सोडलं. देशभर ओरड झाल्यावर सरकारने पोलीस अधीक्षक आणि वरिष्ठ निरीक्षक यांना निलंबित केलं, आणि पुढे मुलींवरचं प्रकरणही बंद झालं.

यात कुठेही अनोळखी माणसाशी वाद झालेला नाही. पोस्ट मित्रमंडळींसाठी होती, तक्रार करणारे गावातले होते आणि दगड मारणारेही गावातले. मुलीचं घर कुठे आणि काकांचं हॉस्पिटल कुठे, हे दूरच्या अनोळखी माणसाला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

66अ गेलं, सवय गेली नाही

त्या मुलींना लावलेल्या कलमांपैकी एक होतं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66अ. ऑनलाइन ‘घोर आक्षेपार्ह’ किंवा त्रासदायक मजकूर पाठवला तर 3 वर्षांपर्यंत कैद, असं ते सांगायचं. आक्षेपार्ह म्हणजे काय, याची व्याख्या नव्हती, त्यामुळे व्याख्या करायचं काम ठाणे अंमलदाराकडे आलं. पालघरच्या बातम्या वाचून कायद्याच्या एका विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तीच श्रेया सिंघल खटला म्हणून ओळखली जाते. 24 मार्च 2015 रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांच्या पीठाने 66अ संपूर्ण रद्द केलं.

या निकालातली एक मांडणी सामान्य माणसाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. न्यायालयाने बोलण्याच्या तीन पायऱ्या केल्या: चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी. चर्चा कितीही कडवट असो, पुरस्कार कितीही अप्रिय असो, कायद्याचा हात पोचतो तो तिसऱ्या पायरीवर.

तरीही रद्द झालेलं कलम पोलीस ठाण्यांत पुढची कित्येक वर्षं वापरलं जात राहिलं. जुलै 2021 मध्ये हे सर्वोच्च न्यायालयासमोर आलं तेव्हा न्यायाधीशांनाही धक्का बसला. अखेर 12 ऑक्टोबर 2022 ला न्यायालयाला वेगळा आदेश देऊन सांगावं लागलं की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका. तुमच्या किंवा नात्यातल्या कुणाच्या कागदावर आजही ‘66अ’ दिसलं तर पहिली हरकत तिथेच घ्यायची.

‘भावना दुखावल्या’ हे कुठे बसतं

संविधानाचं कलम 19(1)(अ) बोलण्याचं स्वातंत्र्य देतं आणि 19(2) त्यावर बंधनं घालायची कारणं सांगतं. देशाचं सार्वभौमत्व आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी, एवढीच ती यादी. ‘आमच्या नेत्याबद्दल असं बोलायचं नाही’ हे तिच्यात कुठेच नाही.

प्रत्यक्षात लागणारी कलमं भारतीय न्याय संहितेतली आहेत. ही संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. कलम 196 हे धर्म, जात, भाषा, प्रदेश यांवरून गटांत वैर पसरवण्यासाठी. कलम 299 हे धार्मिक भावना जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने दुखावण्यासाठी. यात हेतू सिद्ध करावा लागतो, नुसता कुणाला राग आला म्हणून भागत नाही. कलम 353 अफवा आणि चिथावणीखोर विधानांसाठी. यांतली 196 आणि 299 ही गंभीर आहेत, कारण त्यांत पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात. बदनामीचं कलम 356 मात्र वेगळ्या वाटेने जातं. तिथे पोलीस परस्पर गुन्हा नोंदवत नाहीत, फिर्यादीला दंडाधिकाऱ्याच्या कोर्टात जावं लागतं. ‘माझी बदनामी केली, याला आत टाका’ म्हणत ठाण्यात आलेल्या माणसाला कोर्टाचा रस्ता दाखवणं हेच कायद्याला धरून आहे.

राजद्रोहाचं जुनं 124अ, म्हणजे टिळकांना लावलेलं कलम, नव्या संहितेत त्या नावाने नाही. 11 मे 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने त्याचा वापर स्थगित केला होता. मात्र नव्या कलम 152 मध्ये फुटीरता आणि देशाच्या एकात्मतेला धोका यांबद्दल बऱ्याच रुंद शब्दांत शिक्षा आहे. नाव गेलं म्हणून निश्चिंत होण्यासारखं काही नाही.

एक स्टेटस, दीड वर्ष

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजचे प्राध्यापक, मूळचे काश्मीरचे. शिक्षक आणि पालकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर ते होते. ऑगस्ट 2022 मध्ये त्यांनी स्टेटसवर कलम 370 हटवल्याचा निषेध केला, 5 ऑगस्टला काळा दिवस म्हटलं आणि 14 ऑगस्टला पाकिस्तानच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. हातकणंगले पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला. 7 मार्च 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करायचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, आणि शेजारी देशाच्या नागरिकांना शुभेच्छा देण्यात गैर काही नाही, असं न्यायालयाने सांगितलं. पोलिसांना अभिव्यक्तिस्वातंत्र्य शिकवायची वेळ आली आहे, हेही वर ऐकवलं.

या निकालाने आधार घेतलेला एक जुना दाखला आपल्याकडचाच, नागपूरचा आहे. तिथल्या उच्च न्यायालयात न्या. विवियन बोस यांनी 1940 च्या दशकात म्हटलं होतं की शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर माणसाच्या मापाने. ज्याला प्रत्येक टीकेत धोका दिसतो त्याच्या मापाने मोजायचा नाही. 28 मार्च 2025 च्या इम्रान प्रतापगढी निकालातही सर्वोच्च न्यायालयाने हेच माप वापरलं. शिवाय 3 वर्षं किंवा जास्त, पण 7 वर्षांहून कमी शिक्षा असलेल्या बोलण्या-लिहिण्याच्या गुन्ह्यांत पोलिसांनी गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करणं योग्य, असंही सांगितलं.

सत्ता कुणाची, याचा या गोष्टीशी फार संबंध दिसत नाही. पालघरच्या वेळी राज्यात काँग्रेस आघाडीचं सरकार होतं. मे 2022 मध्ये अभिनेत्री केतकी चितळे यांना शरद पवारांवरचा दुसऱ्याने लिहिलेला मजकूर शेअर केल्याबद्दल अटक झाली आणि महिनाभराहून जास्त कोठडीत राहावं लागलं. तेव्हा महाविकास आघाडी होती. कोल्हापूरच्या वेळी महायुती. मार्च 2025 मध्ये विनोदकार कुणाल कामरा यांच्या कार्यक्रमाच्या व्हिडिओवरून खारमधला स्टुडिओ फोडला गेला, तेव्हाही महायुती. विरोधात असताना अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि सत्तेत आल्यावर भावना, हा आपल्याकडचा सर्वपक्षीय कार्यक्रम आहे.

आणि पालघरच्या मुली, कोल्हापूरचे प्राध्यापक शेवटी सुटले, हा दिलासा अर्धवटच. प्राध्यापकांना दीड वर्षाहून जास्त कोर्टाच्या चकरा माराव्या लागल्या. निकाल बाजूने लागला तरी मध्ये गेलेला काळ कुणी भरून देत नाही.

गिरणीच्या जमिनीवरचा वाद, जवळून

आता कायदा बाजूला ठेवून खुद्द वादाकडे येऊ. परळ-लालबागच्या कुठल्याही बातमीखाली दिसणारा एक नमुना घ्या. विषय गिरणी कामगारांच्या घरांचा. एकजण लिहितो, ‘म्हाडाला जमिनीचा एक तृतीयांश वाटा मिळाला, अजून काय पाहिजे?’ दुसरा लिहितो, ‘साफ खोटं. कामगाराला काही मिळालं नाही.’ तिसऱ्या ओळीत ‘तू कुठल्या पक्षाचा चमचा’ येतं, चौथ्यात एकमेकांची आई.

खरं तर दोघांच्याही म्हणण्याला आधार आहे. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम 58 प्रमाणे गिरणीच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला मिळायचा होता. 2001 मध्ये हा नियम बदलला. वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीची करायची ठरली. गिरणीच्या आवारात शेड आणि चिमण्याच जास्त, त्यामुळे महापालिका आणि म्हाडा या दोघांचाही वाटा कितीतरी आटला. 7 मार्च 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली. म्हणजे पहिला माणूस 1991 चा नियम सांगतोय आणि दुसरा 2001 नंतरचा अनुभव. घरांसाठी दीड लाखांहून जास्त अर्ज आले आणि लॉटरीत निघालेली घरं त्याच्या जवळपासही नाहीत, हे कळलं की दुसऱ्याचा राग समजतो. शेलू-वांगणीची घरं नकोत, मुंबईतच द्या, ही मागणी त्याच रागातून आली.

माझ्या पाहण्यात ऑनलाइन भांडणांपैकी निम्मी तरी अशी असतात: दोन माणसं दोन वेगवेगळ्या सालांबद्दल बोलत असतात. त्यामुळे अनोळखी माणसाला विचारायचा सर्वांत उपयोगी प्रश्न म्हणजे ‘ही गोष्ट कुठल्या सालची?’ ज्याला खरोखर बोलायचं आहे तो साल सांगतो, निदान शोधतो. जो त्याऐवजी तुमचा पक्ष विचारतो किंवा आडनावावरून जात काढतो, त्याच्याशी पुढे बोलून हाती काही लागत नाही. दोनदा विचारावं, तिसऱ्यांदा निघून जावं.

आणखी एक साधी गोष्ट. अनोळखी माणसाला अहो-जाहो करावं. फलाटावर उभ्या असलेल्या परक्या माणसाला आपण ‘ए, तुला काय कळतं’ म्हणत नाही. कमेंटमध्ये सर्रास म्हणतो आणि वाद मुद्द्यावरून माणसावर घसरतो तो नेमका तिथे. ‘तुमचं म्हणणं चूक आहे’ हे वाक्य कितीही कठोर असलं तरी टिकतं. ‘तुमची जातच तशी’ हे वाक्य थेट 196 च्या दारात जातं, आणि ते लिहिणाऱ्याबद्दल मला सहानुभूतीही वाटत नाही.

फॉरवर्ड करण्याआधी रायनपाडा आठवा

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात रायनपाडा नावाचं गाव आहे. 1 जुलै 2018 रोजी तिथे जमावाने पाच माणसांना ठेचून मारलं. ती मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची भिक्षेकरी माणसं होती. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे व्हॉट्सॲप मेसेज त्या भागात फिरत होते. पाठवणाऱ्या प्रत्येकाने ‘खबरदारी म्हणून’ पुढे ढकललेले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवायची मर्यादा घातली.

‘सत्य माहीत नाही, पण आलं म्हणून पाठवतोय’ ही ओळ लिहिणाऱ्याला वाटतं आपण हात झटकले. अफवेच्या बाबतीत पाठवणाराही लिहिणाऱ्याइतकाच अडकू शकतो. केतकी चितळे प्रकरणातही मजकूर दुसऱ्याचाच होता.

ॲडमिनची जबाबदारी

मंडळाचा ग्रुप, पुनर्विकासाचा ग्रुप, गावकऱ्यांचा मुंबई ग्रुप, सगळीकडे ॲडमिन घाबरलेला असतो. त्याच्यासाठी दिलासा आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च 2021 मध्ये स्पष्ट केलं की दुसऱ्या सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही; दोघांचा समान इरादा किंवा पूर्वनियोजन दाखवावं लागतं. तरीही कुणी भडकाऊ काही टाकलंच तर ते काढून टाकावं आणि ग्रुपवर तसं लिहून ठेवावं. ‘राजकीय पोस्ट टाकू नये’ असा सरसकट नियम मात्र मला भित्रेपणाचा वाटतो. वीज-पाणी-पुनर्विकास हे सगळं राजकारणच आहे, ते वगळलं तर ग्रुपवर शुभ सकाळच उरते.

धमकी आली तर

मतावरून टीका होणं आणि धमकी मिळणं यांत गल्लत करू नये. ‘घरी येऊन बघतो’, पत्ता किंवा फोन नंबर जाहीर टाकणं, बाईला अश्लील लिहिणं, नको म्हटल्यावरही मेसेज करत राहणं, हे गुन्हे ठरू शकतात. न्याय संहितेचं कलम 351 धमकीसाठी आहे. नाव लपवून धमकी दिली तर शिक्षा वाढते. कलम 78 स्त्रीच्या पाठलागासाठी आहे, त्यात ऑनलाइन पाठलागही येतो. कलम 79 स्त्रीचा अपमान करणाऱ्या शब्दांसाठी. राजकारणावर लिहिणाऱ्या बायकांना मुद्द्याचं उत्तर कमी आणि हे जास्त मिळतं. त्यावर ‘दुर्लक्ष करा’ एवढाच सल्ला देणारे पुरुष स्वतः कधी त्या इनबॉक्समध्ये डोकावलेले नसतात.

आधी ब्लॉक करू नका, आधी पुरावा घ्या. स्क्रीनशॉटमध्ये खात्याचं नाव, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे, त्या पोस्टची लिंक वेगळी उतरवून ठेवा, मूळ मेसेज फोनमधून पुसू नका. कोर्टात असा पुरावा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्रासह द्यावा लागतो, म्हणून तो फोन विकूही नका. धमकी देणारा नागपुरात बसला असला तरी तक्रार भोईवाड्यात देता येते. हद्द नाही म्हणून परत पाठवता येत नाही, ते ठाणं शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून पुढे पाठवतं. तक्रारीची पोच सही-शिक्क्यासह मागून घ्या.

आणि नोटीस तुम्हालाच आली तर

पहिलं म्हणजे पोस्ट घाईघाईने काढून टाकायची की नाही, हे वकिलाला विचारून ठरवा. पालघरच्या मुलीने ती काढली होती, तरी अटक टळली नाही.

7 वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी सहसा आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) ची नोटीस द्यायची असते. ती मिळाली की ठरल्या वेळी हजर राहावं. हजर राहणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारण लिहून ठेवावं लागतं. ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवणं योग्य बजावणी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये सांगितलं आहे. व्हिडिओ कॉलवर खाकी घातलेला माणूस ‘तुमच्या पोस्टमुळे डिजिटल अरेस्ट केलंय’ म्हणाला तर तो चोर समजा. अशी अटक कुठल्याच कायद्यात नाही. पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर फोन करा.

एफआयआरची प्रत मागा. संवेदनशील प्रकरणं सोडली तर ती पोलिसांच्या संकेतस्थळावरही मिळते. फोन जप्त केला तर पंचनाम्याची प्रत घ्या. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्याची आधी घेतलेली परवानगी लागते. अटकपूर्व जामिनासाठी इथल्या माणसाला फोर्टच्या सत्र न्यायालयात जावं लागतं, आणि गुन्हाच रद्द करायचा तर उच्च न्यायालयात.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून गप्प बसायची गरज नाही. विधी सेवा प्राधिकरणाचा हेल्पलाइन क्रमांक 15100 आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना 1987 च्या कायद्याप्रमाणे मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही.